न विचारलेला इतिहास

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी नांदेड आणि लातूर येथे ध्वजवंदन होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात आणि पहिल्या रांगेत बसलेल्या स्वातंत्र्यसैनिकांना शाल व श्रीफळ दिले जाते. ही पहिली रांग वर्षागणिक आखूड होत गेली आहे. आता अनेक ठिकाणी त्या खुर्च्यांवर दिवंगत सैनिकांच्या पत्नी किंवा मुले बसलेली दिसतात. समारंभ पूर्वीइतकाच थाटाचा असतो. ज्यांच्यासाठी तो होतो, ती माणसे मात्र उठून गेलेली असतात.

त्या पहिल्या रांगेत कधीच न बसलेली माणसे मात्र अजून काही घरांत आहेत. ओसरीवरच्या बाजेवर पडलेले आजोबा, देवघराच्या कडेला वाती वळीत बसलेली आजी, शेजारच्या वाड्यातील एखादे वृद्ध काका. त्यांनी सत्याग्रह केला नाही, ते तुरुंगात गेले नाहीत, त्यांच्या नावाने कोणताही चौक नाही. परंतु रझाकारांच्या धास्तीने एका रात्रीत गाव सोडताना घरच्यांनी बरोबर काय घेतले आणि मागे काय ठेवले, उमरखेडच्या किंवा बार्शीच्या वाटेवर अनोळखी घरी कोणी भाकरी वाढली, दावणीची जनावरे कोणाच्या हवाली केली आणि परत आल्यावर घराची कोणती भिंत उभी होती, हे सारे त्यांनाच ठाऊक आहे. बहुतेक घरांत ते त्यांना कोणी विचारलेले नाही.

हिशेब अगदी साधा आहे. १९४८ साली जे पंधरा वर्षांचे होते, ते आज नव्वदी ओलांडून गेले आहेत. जे त्या वेळी सहा-सात वर्षांचे होते आणि ज्यांना आईच्या कडेवरचा अंधार तेवढा आठवतो, तेही ऐंशीच्या पलीकडे आहेत. कागदावरचा इतिहास दप्तरखान्यात थांबून राहतो. माणसाच्या आठवणीतला इतिहास कोणासाठी थांबत नाही.

पुढाऱ्यांची नोंद झाली, घरांची राहिली

हैदराबाद मुक्तिसंग्रामाची नोंद झालीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या या लढ्याच्या आठवणी १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. अनंत भालेराव यांचा 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ साली आला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात आयुष्य वेचलेल्या नरहर कुरुंदकरांनी हैदराबादच्या प्रश्नाची जी वैचारिक मांडणी केली, ती आजही वाचकाला नवे काही देऊन जाते. हे लेखन नसते तर मराठवाड्याला आपल्या लढ्याची साधी रूपरेषाही सांगता आली नसती.

तथापि हा लढ्याचा इतिहास आहे. स्टेट काँग्रेसमधील मतभेद, निजामाचे राजकारण, सरहद्दीवरच्या छावण्या, सशस्त्र प्रतिकार हे त्याचे विषय आहेत आणि तेच त्याचे विषय असायला हवेत. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, क्रांतिकारकांनी धाड घातली आणि मिळालेली रक्कम लढ्याच्या कामी लावली, हे पुस्तकांत वाचावयास मिळते. पण अशा तरुणांना आधी आणि नंतर ज्या घरांनी आसरा दिला, त्या घरांतील चुलीजवळच्या माणसांचे काय? दाराची कडी वाजली की त्यांच्या जिवाची कशी कालवाकालव होत असेल, जास्तीच्या चार भाकऱ्या कोणासाठी थापल्या म्हणून शेजारणीने विचारले तर त्यांनी काय सांगितले असेल, याची नोंद कोणत्याही ग्रंथात होणे शक्य नव्हते. ती फक्त त्या घरातच होऊ शकत होती.

सामान्य माणसाची जीवनकथा सरकारदरबारी लिहून घेतली गेली, ती प्रामुख्याने एकाच निमित्ताने. केंद्र सरकारने १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली आणि पुढे मराठवाड्यातील अनेकांनी आपली हकीकत अर्जात मांडली. परंतु अर्जाला स्वतःची भाषा असते. त्याला तुरुंगवासाचा दाखला हवा असतो, भूमिगत असल्याचे प्रमाणपत्र हवे असते, तारीख हवी असते. जे सिद्ध करता येते तेवढेच अर्जात येते. जिने रात्री-अपरात्री निरोप पोचवले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे शेतावर गेली, तिच्याजवळ कसला दाखला असणार? पुढे त्या अर्जाची भाषाच माणसांच्या तोंडी बसली. आजोबांना लढ्याविषयी विचारावे तर ते प्रतिज्ञापत्र वाचून दाखविल्याप्रमाणे चार ठरावीक वाक्ये सांगतात आणि थांबतात. त्या चार वाक्यांच्या मागे राहिलेले आयुष्य बाहेर यायचे, तर समोर कारकून नव्हे, नातू बसलेला असावा लागतो.

ही रीत आपलीच आहे

माणसांना भेटून, विचारून, ऐकलेले लिहून ठेवणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. मराठी गद्याचा आरंभच मुळी तेथून होतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते आपल्या कल्पनेने नव्हे. श्रीचक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन त्याने एकेक लीळा जमविली. कोण काय बोलले, कोठे बोलले, कोणत्या प्रसंगी बोलले, हे सांगण्याची त्याची धडपड पानोपानी दिसते. त्यात थोरामोठ्यांच्या बरोबरीने साध्यासुध्या बायकांचे बोलणे, खाणेपिणे, रुसवेफुगवे जसेच्या तसे आले, म्हणून सातशे वर्षांनंतरही तो काळ जिवंत वाटतो. ज्या नांदेड जिल्ह्यात महानुभावांचे माहूर आहे, तेथील माणसाला या रीतीची ओळख परक्याने करून द्यावी लागू नये.

बायकांनी तर आपली जीवनकथा सांगण्याची सोय स्वतःच केली होती. पहाटेच्या जात्यावर सासर-माहेर, नवऱ्याचा लहरी स्वभाव, लेकराचे दुखणे, पंढरीची ओढ असे सारे ओवीत गुंफले जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातील शेकडो गावांत हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात पडली आणि पहाटेचे ते सांगणे थांबले. जाते गेल्याचे दुःख कोणी करू नये, कारण त्या श्रमांतून सुटका झाली हे चांगलेच झाले. पण जात्यापाशी जे बोलले जात होते, त्याला दुसरी जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे आहे.

योगायोग असा की, ज्या १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, त्याच साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराने मौखिक इतिहासाचे कार्यालय सुरू केले. पत्रे लिहिण्याची सवय जात चालली आहे, तेव्हा मोठ्या माणसांच्या आठवणी त्यांच्या तोंडूनच टिपून ठेवाव्यात, असा त्यामागील विचार होता. आरंभी त्यांचे लक्ष नामवंतांकडे होते. सामान्य माणसाकडे ते नंतर वळले. मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र याहून जवळचे उदाहरण शेजारच्या तेलंगणाचे आहे. एकाच निजामी राजवटीत नांदलेल्या त्या प्रदेशातील सशस्त्र शेतकरी लढ्यात भाग घेतलेल्या स्त्रियांना भेटून, 'स्त्री शक्ती संघटने'च्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या कथा टेपवर घेतल्या आणि १९८६ साली त्या तेलुगूत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. ज्यांना इतिहासाने विचारले नाही, त्यांच्याकडे कोणीतरी आपल्या पायांनी चालत गेले, हेच या दोन्ही कामांचे मोठेपण आहे.

काळ मोजण्याची त्यांची रीत

नांदेड-लातूरकडील वृद्ध माणसांशी बोलू लागले की पहिली अडचण तारखेची येते. त्यांचा काळ दिनदर्शिकेवर चालत नाही. 'रझाकारीच्या साली', 'पोलिस ॲक्शन झाल्यावर पहिल्या सुगीला', 'मिलोच्या दुष्काळात', 'भूकंपाच्या आदल्या वर्षी' असे त्यांचे टप्पे असतात. निजामी कागदांतील साल फसली असते. त्यात ५९० किंवा ५९१ मिळविले की इसवी सन निघतो. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ साल. जुन्या सातबाऱ्यावर किंवा शाळेच्या दाखल्यावर असे साल पाहून नातवंडे गोंधळतात आणि कागद बाजूला ठेवतात.

दुसरी अडचण लिपीची. निजामी राज्याचा कारभार उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दू माध्यमातूनच होते. म्हणून मराठी घरांतील कित्येक जुन्या माणसांना उर्दू सफाईने वाचता येई. व्यापाऱ्यांच्या वह्या आणि घरगुती पत्रे पुष्कळदा मोडीत असत. आज ट्रंकेच्या तळाशी पडलेले हे कागद वाचू शकणारा त्या घरातील शेवटचा माणूस बहुधा आजोबाच असतात. त्यांच्यापाशी बसून एकेक कागद समोर धरला, तर कागदाचा अर्थ तर कळतोच, पण त्या कागदाच्या आधाराने आठवणही चालू लागते. शेतीच्या बखेड्याचा एखादा कागद पुढे केला की भावकी, बटई, लेव्हीचे धान्य, तहसीलच्या पायऱ्या असे सारे क्रमाने बोलण्यात येते.

तिसरी गोष्ट अडचण नव्हे, ठेव आहे. ती म्हणजे बोली. लातूर-उदगीरकडचे 'करलालाव', 'येलालाव', देगलूर-बिलोलीच्या बोलीत मिसळलेले तेलुगू, निलंग्याकडचे कानडी वळण, शहरांतील दखनी. लिहून घेणारा विद्यार्थी नकळत हे सारे पुस्तकी मराठीत बदलून टाकतो आणि आजीच्या तोंडी निबंधाची भाषा घालतो. असे करू नये. ज्या भाषेत दुःख भोगले, त्याच भाषेत ते सांगितले गेले तर खरे वाटते.

गप्प राहिलेली बाजू

या कामात खरी कसोटी लागते ती मनाच्या प्रामाणिकपणाची. मराठवाड्याच्या आठवणीत रझाकारांचे अत्याचार ठळकपणे आहेत आणि ते असणे न्याय्य आहे. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरला वकिली करीत होता, तेव्हा या शहराला त्या इतिहासाची झळ फार जवळून लागली. पण त्या झुंडशाहीविरुद्ध लेखणी चालविणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान हाही त्याच काळातला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याची कारवाई पूर्ण झाली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे घडले, त्याविषयी मात्र दीर्घ काळ मौन पाळले गेले. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांनी त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात दौरा केला. त्यांनी काय केले? तर गावोगाव जाऊन माणसांना विचारले, ऐकले आणि लिहून घेतले. सुमारे २७ ते ४० हजार माणसे, बहुतांशी मुसलमान, मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते; लातूरचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. रझाकारांचा जुलूम आधी झाला होता, हे त्या अहवालात नमूद आहे; तसेच हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचविल्याचेही नमूद आहे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. विचारून लिहिलेले कागदही दडवून ठेवले तर न विचारल्यासारखेच होतात.

म्हणून घरात विचारताना एकच प्रश्न पुरत नाही. 'आपल्याला कोणी छळले?' यापाठोपाठ 'आपण कोणाला आसरा दिला?' हेही विचारावे लागते. आणि धीर असेल तर 'शेजारचे घर रिकामे झाले तेव्हा आपल्या घरात काय आले?' हेही. अशा प्रश्नाला उत्तर मिळेलच असे नाही. कधी वृद्ध माणूस मान फिरवितो, कधी 'जाऊ दे ते' म्हणतो. त्या मौनाचीही तशीच नोंद व्हावी. हिंदू घरातील विद्यार्थ्याने शेजारच्या मुसलमान आजोबांकडे आणि मुसलमान विद्यार्थिनीने समोरच्या आजीकडे जाऊन बसावे, इतके जरी नांदेड-लातूरच्या जुन्या गल्ल्यांत घडले, तरी कित्येक भाषणांनी न होणारे काम होईल.

एका सालापुरते हे काम नाही

मुक्तिसंग्रामाची तातडी अधिक, कारण ते साक्षीदार आता हातावर मोजण्याइतके उरत आहेत. परंतु मराठवाड्याचे आयुष्य १९४८ ला संपले नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्या बायकांनी भर उन्हात रस्त्यासाठी खडी फोडली, तान्हे लेकरू झाडाच्या सावलीला ठेवून टोपली उचलली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीचा घास गिळला, त्या आज पंचाहत्तरीच्या आगेमागे आहेत. पाझर तलावांचा आकडा सरकारी अहवालात मिळतो. मस्टरवर अंगठा उठविणाऱ्या हाताचे घट्टे तेथे मिळत नाहीत.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यांत मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. या सोळा वर्षांत जळालेल्या घरांतून गाव सोडून नांदेडच्या किंवा लातूरच्या वस्तीत येऊन राहिलेली कुटुंबे आहेत. त्यांच्याइतकेच, त्या रात्री गावात असूनही घराबाहेर न पडलेल्यांनाही सांगण्यासारखे काही असेल.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन आटोपून माणसे निजली होती; चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या गावात रस्ते सरळ आहेत, घरे पक्की आहेत. परंतु जुन्या गावातील बोळ, पार, वेस, कोणाच्या वाड्याला लागून कोणाची भिंत होती, हा सारा नकाशा केवळ आठवणीत उरला आहे. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूलही आज चाळिशी ओलांडून गेले. किल्लारी परिसरातील एखाद्या शाळेने वृद्धांना बसवून जुन्या गावाचा नकाशा काढून घेतला आणि घराघरावर राहणाऱ्यांची नावे लिहिली, तर तो नकाशा कोणत्याही स्मारकाहून मोलाचा ठरेल. नांदेडच्या बंद पडलेल्या उस्मानशाही मिलचे कामगार, सोळा रस्ते जेथे मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईतील हमाल, तांड्यावरच्या आज्या, अशी यादी कितीही वाढविता येईल.

स्मृती फसविते, मग?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो निराधार नाही. माणसाची आठवण विश्वासार्ह नसते. ती ऐकीव गोष्ट स्वतःची म्हणून सांगते, तारखा उलटसुलट करते, स्वतःला थोडे मोठे आणि इतरांना थोडे लहान करते. पंचाहत्तर वर्षे व्यासपीठांवरून ऐकलेली भाषणेही तिच्यात मिसळलेली असतात.

हे सारे मान्य केले तरी आठवण निरुपयोगी ठरत नाही. समजा, एखाद्या आजीने ठामपणे सांगितले की, पोलिस ॲक्शन दिवाळीत झाली. प्रत्यक्षात ती भाद्रपदात झाली, हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. येथे आजीला दुरुस्त करून पुढे जाणे सोपे आहे. पण 'दिवाळीत काय झाले होते?' असे विचारले तर कदाचित कळेल की, छावणीतून तिचे कुटुंब घरी परतले ते दिवाळीत. सैन्य केव्हा आले हा सरकारचा दिनांक. आपल्या उंबऱ्यात पाऊल पडले हा तिचा दिनांक. स्वातंत्र्य तिच्या घरी दीड महिना उशिरा पोचले, ही माहिती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही आणि ती तिच्या चुकीतूनच हाती लागते. तारखेसाठी कागद पाहावा, अर्थासाठी माणसाला विचारावे. दोन्ही जवळ ठेवले म्हणजे एकाने दुसऱ्याला सावरता येते.

विचारावे कसे

या कामाला खर्च नाही. पूर्वी टेपरेकॉर्डर मागून आणावा लागे; आता घरातील प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आवाज साठविण्याची सोय आहे. उणीव आहे ती बसण्याच्या सवडीची आणि विचारण्याच्या रीतीची. 'आजोबा, रझाकारांविषयी सांगा' असे म्हटले की भाषण मिळते. त्याऐवजी 'आपल्या जुन्या घराचे दार कोणत्या दिशेला होते?', 'पाणी कोठून आणीत?', 'शाळेत मास्तर कोणत्या भाषेत ओरडत?', 'लग्नात वऱ्हाड कशाने आले?' असे लहान, हाताला लागणारे प्रश्न विचारावेत. मोठी गोष्ट लहान दारानेच बाहेर येते.

बायकांशी बोलताना घरातील पुरुष शेजारी नसलेले बरे. आजीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजोबा देतात, ही घरोघरची रीत आहे. 'माझं मेलीचं काय सांगायचं' हे तिचे पहिले वाक्य असते. ते नकार म्हणून घेऊ नये. निवडण-टिपण चालू असताना, वाती वळताना, हात कामात असताना ती मोकळी बोलते. एका बैठकीत सारे उरकू नये. दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणते, 'काल एक सांगायचं राहिलं'. आणि पुष्कळदा तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

डोळ्यांत पाणी आले तर यंत्र बंद करावे. सांगणाऱ्याच्या दुःखावर ऐकणाऱ्याचा हक्क नसतो. बोलणे संपल्यावर 'हे घरात ठेवू की बाहेर दाखविले तरी चालेल?' असे स्पष्टपणे विचारावे आणि दिलेला शब्द पाळावा. ज्यांची नावे निघाली ती माणसे वा त्यांची मुले गावात नांदत असतील, तर ती नावे झाकून ठेवण्याचा विवेकही हवा. जुन्या जखमेची नोंद करणे वेगळे आणि ती नव्याने उकरणे वेगळे.

वही कोठे ठेवावी

मोबाइलमधील आवाज हा सर्वांत सोपा, पण सर्वांत नाशिवंत. यंत्र बदलले की आठवणी पुसल्या जातात. म्हणून ऐकलेले वहीत उतरवून काढावे. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, अदमासे वय, गाव, बोलण्याचा दिवस आणि ऐकणाऱ्याचे नाव लिहावे. एक प्रत घरात राहावी. सांगणाऱ्याची संमती असेल तर दुसरी प्रत शाळेच्या वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी.

येथे शिक्षकांची जबाबदारी येते. नांदेडचे विद्यापीठ १९९४ साली १७ सप्टेंबरलाच स्थापन झाले आणि ते स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करते. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आहेत. इतिहासाच्या वा मराठीच्या विद्यार्थ्याने पदवीपूर्वी आपल्या घरातील किंवा गल्लीतील एका वृद्ध व्यक्तीची जीवनकथा लिहून आणावी, असा साधा पायंडा महाविद्यालयांनी घातला, तर पाच वर्षांत या चार जिल्ह्यांचा असा संग्रह उभा राहील, की पुढील संशोधकाला त्यावाचून पाऊल टाकता येणार नाही. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या प्रबंधातील पाने उतरवून काढण्यापेक्षा आजीच्या तोंडचे दहा पाने लिहिणारा विद्यार्थी इतिहास म्हणजे काय, हे अधिक शिकेल. त्या दहा पानांत एखादी चूक असेल, परंतु ती त्याची स्वतःची असेल.

कारकुनांना आणि नोकरदारांना सुटीच्या दिवशी गावी जाणे होतेच. शेताचा हिशेब, औषधांची चिठ्ठी, पोराबाळांची चौकशी यांत दोन दिवस निघून जातात आणि परतीच्या एसटीत बसल्यावर आठवते की, म्हातारीशी नीट बोलणे झालेच नाही. पुढच्या खेपेला बोलू, असे मनाशी ठरते. पुष्कळांच्या बाबतीत ती पुढची खेप दहाव्या-तेराव्याची असते. मग सुतकात बसलेली माणसे आपापसांत विचारीत राहतात, 'तात्या छावणीत नेमके कोठे होते हो?' आणि कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन आटोपून घरी आल्यावर, ज्याच्या घरी असे माणूस उरले आहे, त्याने त्याच्या बाजेशेजारी एक स्टूल ओढून घ्यावे. भाषण ऐकून झालेले असते. आता घरातले ऐकावे. विचारण्यासारखे पुष्कळ आहे, सांगण्याची त्यांची तयारी असते. उणे आहे ते एवढेच, की पहिला प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.